जांभ्यातले धागे

राजापूर तालुक्यातील आमच्या सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठाराच्या, उतारावर, जिथे जांभ्याची कड संपते आणि तिच्याखालची पांढरट-गुलाबी चिकणमाती उघडी पडते, तिथे गणपतीपासून साधारण पौषापर्यंत एक बारीक झरा वाहतो. त्याच्या तळाशी नारिंगी रंगाचा मऊ गाळ साचतो, आणि पाणी जिथे थबकते तिथे वर तेलासारखा रंगीत तवंग धरतो. लहानपणी आम्हांला वाटायचे की वरच्या चिरेखाणीतल्या गाडीचे डिझेल झिरपून खाली येत असावे. तो तवंग काडीने मोडून पाहायचे असते, हे मला पुढे भूशास्त्र शिकताना कळले. तेलाचा तवंग मोडला तरी लगेच पुन्हा जुळून येतो. या तवंगाचे मात्र पातळ काचेसारखे कोनेदार तुकडे होतात आणि ते तुटल्या जागीच अलग तरंगत राहतात. तो लोहाच्या संयुगांचा पापुद्रा असतो आणि त्याखालचा नारिंगी गाळ बव्हंशी लोहजीवाणूंची वसाहत असते. पाण्यात विरघळलेल्या लोहाचा प्राणवायूशी संयोग घडवून त्यातून हे जीवाणू आपली ऊर्जा मिळवतात. त्यांपैकी गॅलिओनेला नावाचा जीवाणू स्वतःच्या मागे पीळदार फितीसारखा देठ सोडत जातो. लेप्टोथ्रिक्स स्वतःभोवती पोकळ नळी विणतो. जीवाणू मरतात किंवा निघून जातात आणि लोहाने मढलेले हे देठ व नळ्या मागे उरतात.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी, आणि त्यानंतर संशोधन साहाय्यक म्हणून, मी सुमारे अडीच वर्षे एकाच प्रश्नामागे होते. आज झऱ्यात घडणारी ही गोष्ट पूर्वीच्या पाण्यांतही घडली असेल, तर तिच्या खुणा जांभ्याच्या पोकळ्यांत दगड होऊन टिकल्या आहेत का, आणि टिकल्या असतील तर त्या सजीवांच्याच आहेत हे सिद्ध कसे करायचे? प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटत होता, कारण मंगळावरच्या दगडांपुढे उभे राहिल्यावर नेमका तोच प्रश्न विचारावा लागतो.

जांभा आणि मंगळ यांची सांगड केवळ तांबड्या रंगावरून घातलेली नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्टवर उष्ण आणि अतिपावसाच्या हवामानाचा दीर्घकाळ मारा झाला, त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि बरीचशी सिलिका धुऊन गेली, आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. तो उरलेला गाभा म्हणजे आपला जांभा. मंगळाचे कवचही मुख्यतः बेसाल्टचेच आहे. मॉर्थ व्हॅलिस या भागात लोह-मॅग्नेशियमयुक्त चिकणखनिजांवर ॲल्युमिनियमयुक्त चिकणखनिजांचा थर असल्याचे कक्षेतील यानांनी टिपले आहे, आणि पाऊस किंवा वितळलेला बर्फ वरून खाली झिरपत गेला की असाच क्रम तयार होतो. नासाची पर्सिव्हिरन्स ही गाडी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरली. तिला तिथे फिकट रंगाचे केओलिनाइटयुक्त धोंडे विखुरलेले आढळले, आणि केओलिनाइट हे आमच्या जांभ्याखालच्या त्या पांढरट मातीचे मुख्य खनिज आहे. अर्थात या तुलनेला मोठी मर्यादा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि दगडाच्या प्रत्येक छिद्रात काही ना काही जिवंत असते. हीच मर्यादा पुढे आमच्या कामाचा सर्वांत अवघड भाग ठरली.

सडा म्हणजे ओसाड माळ, तिथला दगड कोणीही उचलून न्यावा, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात आम्हांला हवा असलेला कातळ ज्या सातबाऱ्यावर होता, त्यावर तेवीस सहहिस्सेदारांची नावे होती. त्यांतले निम्मे मुंबईत होते आणि शिमग्याला गावी आल्याशिवाय त्यांची गाठ पडणार नव्हती. ग्रामपंचायतीचे पत्र, जमीनमालकांची संमती, खाणमालकाची परवानगी या सगळ्यांत पहिला हिवाळा गेला. पलीकडच्या सड्यावर कातळशिल्पे आहेत. कोकणातील कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समावेश झाला आहे. त्यामुळे उघड्या कातळावर एकही घाव घालायचा नाही आणि नमुने फक्त चालू खाणीच्या ताज्या भिंतीतूनच घ्यायचे, असे आमच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावले होते. ही अट शास्त्राच्या दृष्टीनेही सोयीची ठरली, कारण उघड्या कातळावर शेवाळ, दगडफूल आणि मुळे यांचे राज्य असते.

पहिल्या खेपेचे सर्व नमुने मात्र माझ्याच चुकीमुळे वाया गेले. पावसाळ्याच्या तोंडावर घाईने काढलेले ओलसर दगड मी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून, तोंडे घट्ट बांधून प्रयोगशाळेत पाठवले. यंत्रावर आमची पाळी यायला बारा दिवस लागले. पिशव्या उघडल्या तेव्हा दगडांच्या पोकळ्यांत पांढऱ्या बुरशीचे जाळे डोळ्यांनी दिसत होते. सूक्ष्मदर्शकाखाली तर जिकडेतिकडे धागेच धागे होते, आणि त्यांतला एकही विश्वासार्ह नव्हता. मला तेव्हा रडू आले होते. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “हे फेकू नकोस. आजची बुरशी जांभ्यात कशी दिसते, याची ही आपली ओळखपत्रे आहेत.” त्या पिशव्यांतल्या दगडांचे सूक्ष्मदर्शकासाठी केलेले पातळ काप, म्हणजे छेद, पुढे प्रत्येक संशयाच्या वेळी आम्ही तुलनेसाठी काढत आलो.

दुसऱ्या वर्षी आम्ही मे महिना निवडला. मे महिन्यातला सडा ज्याने अनुभवला आहे, त्याला तो मंगळाची आठवण का करून देतो हे सांगावे लागत नाही. क्षितिजापर्यंत सावलीचे झाड नाही, पाणी नाही, वारा तापलेला, आणि कातळ असा की पाच मिनिटे एका जागी उभे राहिले तर चपलेतून चटका बसावा. सकाळी सहा ते साडेनऊ एवढाच वेळ कामाला मिळत असे. खाणीत तीस वर्षे काम केलेले एक मामा आमच्याबरोबर होते आणि भिंत वाचायला मी खऱ्या अर्थाने त्यांच्याकडून शिकले. यंत्राच्या पात्याने कापलेल्या त्या उभ्या भिंतीत वरचा कठीण थर, त्याखाली गांडुळांच्या वाटांसारख्या वेड्यावाकड्या नळ्यांनी पोखरलेला भाग, आणि तळाशी हळूहळू मऊ होत मातीत मिसळणारा दगड असा क्रम होता. मामा हाताने भिंत चाचपत म्हणाले, “बाय, हा चिरा आता मऊ आहे, सुरीनेसुद्धा कापेल. वारं लागलं की कडक होतो. ज्याला वारं लागलं त्याच्यात तुझं काम व्हायचं नाही.” पुस्तकातही हेच असते. फ्रान्सिस बुकानन यांनी केरळात पाहिलेल्या या दगडाला १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लॅटिन भाषेतल्या विटेच्या शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिले, तेही हा दगड मऊ असताना विटेसारखा कापता येतो म्हणूनच. पण कोणत्या भिंतीला कधी वारा लागला हे पुस्तक सांगत नाही. मामांनी आदल्याच दिवशी कापलेल्या भिंतीतली, वरच्या थराशी कुठल्याही भेगेने न जोडलेली अशी तीन ठिकाणे दाखवली. तिथे नळ्यांच्या आत गोएथाइट या तपकिरी-काळसर लोहखनिजाचे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर चढलेले होते.

छिन्नी आणि हातोडा प्रत्येक घावाआधी ७० टक्के इथेनॉलने पुसून बर्नरच्या ज्योतीतून फिरवायचे. हातमोजे प्रत्येक नमुन्याला नवे घालायचे. भिंतीचा पृष्ठभाग बोटभर खरवडून टाकायचा आणि मगच आतला ठोकळा काढायचा. ठोकळा गुंडाळायची ॲल्युमिनियमची पन्नी प्रयोगशाळेच्या भट्टीत ५०० अंश सेल्सियसला भाजून आणलेली होती, जेणेकरून तिच्यावरचे सेंद्रिय कण जळून जावेत. दर नमुन्याबरोबर एक रिकामी पन्नीही उघडायची, खाणीच्या हवेत तेवढाच वेळ धरायची आणि तशीच मिटवायची. ही रिकामी पन्नी पाहून खाणीतल्या मुलांना फार नवल वाटे. नमुन्यात दिसलेली गोष्ट हवेतून, हातातून किंवा पन्नीतूनच आली नाही ना, हे ठरवण्याचा तोच एक मार्ग होता. खाणीच्या भिंतीला पाणी मारायचे यंत्र त्या तीन दिवसांसाठी मालकांनी बंद ठेवले, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. खाली झऱ्याच्या कोरड्या पडलेल्या वाटेवरचा नारिंगी चुराही तशाच काळजीने घेतला, कारण जिवंत लोहजीवाणूंचे अवशेष कसे दिसतात हे माहीत असल्याशिवाय जुन्यांची ओळख पटणार नव्हती.

जांभ्याचा पातळ छेद करणे हे चिकाटीचे काम आहे. दगड सच्छिद्र असल्यामुळे तो तसाच घासला तर कण निखळून जातात. म्हणून आधी निर्वात पात्रात त्याच्या छिद्रांत राळ भरावी लागते, ती घट्ट झाल्यावर काप काढावा लागतो आणि तो काचेवर चिकटवून ३० मायक्रॉनपर्यंत घासावा लागतो. राळेत राहिलेले हवेचे बुडबुडे गोल पेशींसारखे दिसतात. हे कळेपर्यंत माझ्या वहीत अशा दहा-बारा ‘पेशीं’ची चित्रे काढून झाली होती, आणि ती मी नंतर तांबड्या पेनाने खोडली.

दुसऱ्या ठिकाणच्या चौथ्या छेदात मला ते धागे पहिल्यांदा दिसले. काळसर गोएथाइटच्या दोन पापुद्र्यांच्या मधल्या मधाळ रंगाच्या पट्ट्यात केसांहून कितीतरी बारीक धागे एकमेकांत गुंतलेले होते, आणि फोकस वरखाली केला की ते दगडाच्या आत खोल जाताना दिसत होते. म्हणजे ते पृष्ठभागावर पडलेले नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतले काही पोकळ निघाले आणि काही पीळदार दिसले. त्या संध्याकाळी मी घरी फोन करून आईला सांगितले की सापडले. तो फोन मी करायला नको होता.

आठवडाभराने मॅडमनी मला काचेच्या एका पात्रात सोडियम सिलिकेटचे द्रावण घेऊन त्यात हिराकसाचे दोन-तीन खडे टाकायला सांगितले. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, जे आपल्याकडे झाडांना लोह मिळावे म्हणून वापरतात. खडा तळाशी बसला, त्याच्याभोवती एक पातळ पापुद्रा धरला, पापुद्रा फुगून फुटला आणि फुटल्या जागेतून एक हिरवट नळी वर चढू लागली. तिला फांदी फुटली, त्या फांदीला दुसरी फुटली. अर्ध्या तासात पात्रात बारीक नळ्यांचे रान उभे राहिले आणि काही दिवसांत हवेच्या संपर्काने ते गंजून तपकिरी झाले. त्या पात्रात सजीव असा एकही कण नव्हता. त्याचा तुकडा मी माझ्या छेदाशेजारी ठेवून पाहिला तेव्हा काही भागांत मला फरक सांगता येईना.

हा प्रयोग आमचा नाही. कॅनडातल्या क्विबेकमधील अतिप्राचीन खडकांत सापडलेल्या हेमाटाइट या लोहखनिजाच्या नळ्या किमान ३७७ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाणूंच्या असाव्यात, असा दावा २०१७ मध्ये करण्यात आला होता. त्यानंतर २०१९ मध्ये एडिंबरो विद्यापीठातील शॉन मॅकमॅहन यांनी दाखवून दिले की तशाच लोहाच्या नळ्या आमच्या पात्रातल्यासारख्या निर्जीव ‘रासायनिक बागे’तही वाढतात. पीळ असला म्हणजे जीव असलाच पाहिजे, हा माझा शेवटचा आधारही टिकला नाही. बेरियम कार्बोनेट आणि सिलिका यांच्या निर्जीव अभिक्रियेतून सुबक पीळदार आकार तयार होतात, हे स्पॅनिश शास्त्रज्ञ गार्सिया-रुईझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्येच मांडले होते. केवळ आकारावर भिस्त ठेवल्याने काय होते याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९६ चे आहे. अंटार्क्टिकात सापडलेल्या एएलएच ८४००१ या मंगळावरून आलेल्या अशनीतल्या सूक्ष्म आकारांनी तेव्हा सगळे जग ढवळून निघाले, आणि त्या आकारांना जीवाश्म मानायला आज फारच थोडे शास्त्रज्ञ तयार आहेत.

आकार बाजूला ठेवून आम्ही धाग्यांच्या आत सेंद्रिय कार्बन आहे का हे पाहायला रामन यंत्राकडे, म्हणजे लेझर पाडून विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राकडे, वळलो, आणि तिथे मला आणखी एक धडा मिळाला. पहिल्याच मोजणीच्या आलेखात १३२० च्या (एकक प्रति सेंटिमीटर) आसपास रुंद शिखर आले. जुन्या कार्बनचे एक शिखर १३५० च्या आसपास येते, त्यामुळे मन लगेच तिकडे धावले. पण त्याबरोबर १६०० जवळचे दुसरे शिखर यायला हवे होते, आणि ते नव्हते. शिवाय ज्या जागी लेझर रोखला होता तिथे सूक्ष्मदर्शकात एक लालसर ठिपका पडला होता, जो आधी नव्हता. लेझरची शक्ती जास्त ठेवल्यामुळे गोएथाइट तापून त्यातले पाणी उडाले होते आणि त्याचे हेमाटाइट झाले होते. १३२० चे शिखर त्या हेमाटाइटचे होते. म्हणजे पुरावा शोधणाऱ्या यंत्रानेच दगड बदलून टाकला होता. ऑस्ट्रेलियातील एपेक्स चर्ट या प्राचीन सिलिकामय खडकातील तथाकथित जीवाश्मांच्या वादातही हेमाटाइट आणि कार्बन यांच्या शिखरांचा हा गोंधळ २०११ मध्ये पुढे आला होता. तो लेख मी वाचलेला होता, तरीही माझ्या हातून हे घडले. त्यानंतर लेझर एक मिलिवॉटच्याही खाली आणून, दर जागी मोजणीआधी आणि मोजणीनंतर छायाचित्र घेऊन, आम्ही सर्व मोजण्या पहिल्यापासून केल्या. त्याला चार महिने लागले.

मंगळावरच्या गाडीला असे चार महिने आणि दुसरा दगड मिळेलच असे नाही, याची जाणीव मला त्या काळात वारंवार होत असे. चेयावा फॉल्स या नावाने ओळखला जाणारा, बिबट्याच्या अंगावरच्यासारखे ठिपके असलेला दगड पर्सिव्हिरन्सला २०२४ मध्ये मिळाला. त्यात सेंद्रिय कार्बनबरोबर लोहाचे फॉस्फेट आणि लोहाचे सल्फाइड असण्याची चिन्हे दिसली, आणि अशी खनिजजोडी पृथ्वीवर बऱ्याचदा जीवाणूंच्या व्यवहारातून तयार होते. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा शास्त्रज्ञांनी ‘संभाव्य जैवखूण’ हाच शब्द धरून ठेवला. पूर्वी मला हा शब्द भित्रेपणाचा वाटायचा. आता त्यामागे किती पन्न्या भाजलेल्या असतात आणि किती छेद खोडलेले असतात ते मला माहीत आहे.

शेवटी आम्हांला पुढे नेले ते पापुद्र्यांच्या क्रमाने. जांभ्याचे एकच एक वय सांगता येत नाही. त्यातले लोह विरघळते, सरकते, पुन्हा साचते, आणि दर पावसाळ्यात हे थोडेथोडे चालूच असते. म्हणून ‘धागे किती वर्षांपूर्वीचे’ हा प्रश्न सोडून आम्ही ‘धागे कशाच्या आधीचे’ असा प्रश्न विचारला. दुसऱ्या ठिकाणच्या नमुन्यात धाग्यांचा पट्टा वरून दोन अखंड काळ्या पापुद्र्यांनी झाकलेला होता. त्या सर्वांना आडवी छेदून गेलेली एक भेग पांढऱ्या केओलिनाइटने भरून आली होती, आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना तुटलेल्या धाग्यांची टोके समोरासमोर उभी होती. भेग पडण्याआधी धागे दगड झालेले होते, हे त्या एका चौकटीत स्पष्ट दिसत होते. आजची बुरशी किंवा खाणीतली धूळ त्या जागी पोहोचणे शक्य नव्हते. मग मी धाग्यांच्या रुंदीची मोजणी केली. हिराकसाच्या नळ्यांची रुंदी एकाच नळीत बदलत जाते आणि त्यांना हव्या तिथे, हव्या तितक्या फांद्या फुटतात. या धाग्यांची रुंदी मात्र टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ सारखी होती, आणि जिथे ते दुभंगले होते तिथे दोन्ही शाखा मूळ धाग्याइतक्याच रुंद होत्या. झऱ्यातल्या जिवंत गॅलिओनेलाची पेशी दुभागली की तिचा देठ असाच दुभंगतो. या मोजण्यांनी दोन वह्या भरल्या. पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणच्या धाग्यांची रुंदी अशी जुळली नाही. ते आम्ही निर्जीव मानून बाजूला ठेवले, आणि मला तसे करणे जड गेले, कारण दिसायला तेच सर्वांत सुंदर होते.

कमी शक्तीच्या लेझरखालीही दुसऱ्या ठिकाणच्या धाग्यांत कार्बनची दोन्ही शिखरे एकत्र आली ती फक्त मोजक्या जागी आणि क्षीण. नासाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये जीवसृष्टीच्या दाव्यांसाठी सात पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचवली आहे. तिच्यात खूण दिसणे ही पहिली पायरी, बाहेरून काही मिसळलेले नाही हे दाखवणे ही दुसरी, आणि निर्जीव कारणे निकालात काढणे ही त्यापुढची चौथी. आमचा नमुना दुसऱ्या पायरीवर भक्कम उभा आहे, आणि झऱ्यातल्या जीवाणूंमुळे तिसरीवरही, म्हणजे त्या परिसरात जीव अशी खूण निर्माण करू शकतात हे दाखवण्यावरही, त्याचा पाय आहे. चौथी पायरी त्याने गाठलेली नाही. अहवालाच्या पहिल्या मसुद्यात मी ‘जीवाणूंचे जीवाश्म’ असे लिहिले होते. मॅडमनी त्यावर काही खूण केली नाही, फक्त ते पान माझ्याकडे परत दिले. मी ते खोडून ‘गोएथाइटमधील संभाव्य जैविक धागे’ असे लिहिले.

गेल्या मे महिन्यात अहवालाची प्रत घेऊन मी खाणीवर गेले. मामांनी छायाचित्रांतला भेगेचा तो फोटो बराच वेळ निरखला आणि विचारले, ही भिंत कुठली? ती भिंत केव्हाच चिरे होऊन कुणाच्या तरी घराला लागली होती. दुसऱ्या ठिकाणच्या ठोकळ्याचा निम्मा भाग आम्ही अजून कापलेला नाही. तो भाजलेल्या पन्नीत, उणे २० अंशाला, त्याच्या रिकाम्या पन्नीसह ठेवलेला आहे.